अडीचशेच्या वर

पहिला फोन आला तो जिलेबीमुळे.

शालूबाईच्या नातवाचं बारसं होतं. शालूबाई म्हणजे आमची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. पंगतीत वाढप्याने माझ्या पानात दोन जिलेब्या टाकल्या आणि मी त्या खाल्ल्या. चोरून नव्हे, सगळ्यांदेखत. सहासष्ट वर्षांच्या माणसाने जिलेबी खायला कुणाची परवानगी काढायची? जेवण उरकून हात धुवायला उठणार, तोच खिशातला मोबाईल कोकलायला लागला. तो आवाज मला पाठ होता, साखर चढल्याचा. तो बंद करतोय तोवर कोईमतूरहून तानाजीचा फोन. तानाजी माझा एकुलता एक पोरगा.

"तात्या, दोनशे सत्तर हाय. काय खाल्लंसा?"

मला ऐकू कमी येतं, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर. अख्खी पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, "ज्ञानूतात्या, पोरानं प्वाटात क्यामेरा बसवलाय व्हय?" माझं डोकं असं फिरलं, की वाटलं कमरेचं ते साखरेचं मशीन तिथंच उपटावं आणि पत्रावळीत टाकावं. पण तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून अंजना, माझी बायको, उठून आली. तिनं डाव्या हाताने माझा फोन घेतला आणि उष्टा हात तसाच धरून मांडवाच्या कडेला बोलत उभी राहिली. अकरा मिनिटं बोलली. परत आली तेव्हा तिचं तोंड बघून माझा राग निम्मा उतरला. त्याआधी पोराचा फोन येऊन सव्वा महिना झाला होता.

तानाजीला नावं ठेवताना मला जपून बोलायला हवं, कारण त्याला त्या वाटेला मीच लावला. विट्याच्या आजूबाजूची आमची गावं अशीच. घरटी एक-दोन माणसं गलाईला बाहेर, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवायची, शुद्ध करून द्यायची. कुणी कोचीला, कुणी गुवाहाटीला. मी तीस वर्षं सेलमला भट्टीपुढे बसलो. ॲसिडच्या धुराने दात गेले, पण आटलेल्या गोळीचा रंग बघून सोनं किती टंचाचं, किती शुद्ध, ते मी सांगायचो आणि चूक निघायची नाही. वर्षातून दोनदा घरी यायचो, एकदा यात्रेला आणि एकदा दिवाळीला. अंजनाचं तरुणपण माझी वाट बघण्यात गेलं. मी कायमचा घरी आलो तोवर तानाजी कोईमतूरला गेला आणि ती त्याची वाट बघायला लागली. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. काय तोंडाने दाखवणार?

पोरगा माझ्यापेक्षा हुशार निघाला. माझं एक दुकान होतं, त्याची तीन झाली. आधी दर रविवारी फोन करायचा. मग पंधरवड्याने. मग नुसता सकाळी फुलांचा फोटो यायला लागला, त्यावर 'शुभ सकाळ' लिहिलेलं. तोच फोटो तो आणखी शंभर जणांना पाठवत असणार.

मागच्या चैत्रात यात्रेत पालखीपुढे मी आडवा झालो. अठरा वर्षं इन्शुलिनची सुई टोचतोय, पण साखर कधी चढायची, कधी धाडकन उतरायची. त्या दिवशी उतरली. डोळे उघडले तेव्हा कुणीतरी तोंडात पेढा कोंबत होतं आणि तानाजी, अंगावरचा गुलाल तसाच, माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. यात्रा सोडून त्याने मला सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांशी बोलून महागातला पंप बसवला. चुन्याच्या डबीपेक्षा थोडा मोठा. कमरेला अडकवायचा, त्याची बारीक नळी पोटात. दंडावर एक चकती चिकटवलेली. चकती दर पाच मिनिटांनी साखर मोजते आणि पंपाला सांगते, पंप त्या मानाने इन्शुलिन सोडतो. चढायला लागली की जास्त, उतरायला लागली की बंद. सगळं मोबाईलवर दिसतं, माझ्याही आणि कोईमतूरला तानाजीच्याही. अडीचशेच्या वर गेली, की दोन्हीकडे बोंब.

दर तीन दिवसांनी नळी बदलावी लागते. ते अंजना शिकली. चौथी पास बाई, पण नर्सने एकदा दाखवलं आणि हिने दुसऱ्या वेळी नर्सचीच चूक काढली. उजेडाकडे धरून नळीतला हवेचा बुडबुडा टिचकीने काढते, मग माझ्या पोटावर चांगली जागा शोधते. "श्वास सोडा," म्हणते. मला कळायच्या आत सुई आत गेलेली असते.

मशीनला नावं ठेवली तर देव माफ करणार नाही. महिन्याभरात पायांची आग थांबली. अंथरुणात घामाने भिजून उठणं बंद झालं. साखर अशी शहाण्यासारखी वागायला लागली, की मोबाईलवरची रेघ आमच्या माळासारखी सपाट. आणि तिथंच घोळ झाला. बारशानंतर मी जिलेबीकडे बघितलंसुद्धा नाही. रेघ सपाट, म्हणजे कोईमतूरला बोंब नाही. बोंब नाही, म्हणजे फोन करायचं कारण नाही. बाप बरा आहे हे मोबाईल उघडला की दिसतंच, मग विचारायचं कशाला? दीड महिना नुसते फुलांचे फोटो आले. अंजना रोज म्हणायची, "मशीन बिघडलं तर न्हाई न्हवं?" मी म्हणायचो, अगं, बिघडलं नाही म्हणूनच वाजत नाही.

एका बुधवारी चार वाजता तिनं कोरा चहा आणून दिला. पहिल्याच घोटाला मला कळलं. आष्ट्याच्या पाहुण्यांनी काकवीची बाटली दिली होती, ती त्यात पडली होती. तीन चमचे तरी असतील. अठरा वर्षं बिनसाखरेचा चहा पिणाऱ्याच्या जिभेला हे कळणार नाही होय? मी मान वर करून बघितलं. अंजना दारात, पदराला हात पुसत, मी पितो का नाही ते बघत उभी. मी ओरडायला पाहिजे होतं. बाई, माझा जीव घेतीस का, असं म्हणायला पाहिजे होतं. मी कप संपवला आणि बशी तिच्या हातात दिली.

पाऊण तासाने फोन वाजला. "तात्या, दोनशे पंच्याऐंशी! पुन्यांदा काय खाल्लंसा?"

"काय न्हाई रं, कोरा च्या पिलोय."

"खोटं बोलू नगासा. हितं मला दिसतंय."

अंजनाने फोन घेतला. "जेवलास का रं?"

"आई, पाच वाजल्यात. तात्याला दे."

"साईराज काय करतुया?"

"क्लासला गेलाय. तात्याला दे, आई."

साईराज आमचा नातू, नऊ वर्षांचा. तमिळ फाडफाड बोलतो, मराठीत 'आज्जी' म्हणतो आणि थांबतो. तेवढ्यावर अंजनाचा आठवडा जायचा. त्या दिवशी तानाजीने मला दहा मिनिटं झापलं, आणि अंजना मांडी घालून शेजारी अशी बसली होती, जशी काही हरिपाठ ऐकतेय.

मग आठवड्यातून दोनदा चहा गोड यायला लागला. आम्ही त्याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. ती घालत होती आणि मी पीत होतो. मला उगाच साधू व्हायचं नाही, मलाही तो फोन पाहिजे होता. पोरगा रागावतो, म्हणजे अजून आपल्याला धरून आहे, असं वाटायचं. ज्याला कुणी रागावत नाही तो म्हातारा संपला म्हणायचा.

जानेवारीत सांगलीला तपासणी होती. डॉक्टरने कॉम्प्युटरवर तीन महिन्यांची रेघ काढली.

"काका, सगळं छान सपाट आहे. मग आठवड्यातून दोनदा साडेचारला हा डोंगर कसला? चारला काय खाता?"

"कोरा चहा," मी म्हणालो. "बिनसाखरेचा."

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या सोन्यातली भेसळ सांगितली, त्याला तो तरणा डॉक्टर खोटारडा समजत होता आणि बरोबरच समजत होता. मग त्याने अंजनाकडे बघितलं. अंजना भिंतीवरचं चित्र बघत होती, त्यात साखरेने काळा पडलेला अंगठा होता.

"मशीन त्याचं काम करतंय," डॉक्टर म्हणाला. "पण असंच चाललं तर डोळे जातील, पाय जातील. मग मला बोलायचं नाही."

परतीला आम्ही एस.टी. धरली. तासगाव स्टँडवर गाडी थांबली तेव्हा अंजना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता न्हाई घालायची."

"काय?"

"काय न्हाई."

तीन आठवडे चहा कडू आला. तीन आठवडे फोन नाही. चौथ्या आठवड्यात शुक्रवारी चहा पुन्हा गोड आला. मी प्यायलो.

यात्रा जवळ यायला लागली तशी अंजना प्रत्येक फोनला एकच विचारायला लागली, "येनार न्हवं?" आमच्या गावाला यात्रा म्हणजे हजेरी असते. मुलुखभर पांगलेली पोरं त्या चार दिवसांत घरी येतात, गल्लीत तामिळनाडू-केरळच्या नंबरांच्या गाड्या लागतात, आणि ज्याच्या दारात गाडी नाही त्याच्याकडे लोक जरा जास्तच प्रेमाने बघतात. तानाजी आजवर एकदाही चुकला नव्हता. यंदा म्हणायचा, "बघू." आणि तो 'बघू' दर फोनला बारीक होत चालला होता.

यात्रेला आठ दिवस असताना चहा प्यायलो, मशीन वाजलं, आणि फोन आला तो अनोळखी नंबरचा.

"नमस्कार काका, मी पुण्याहून शिवांजली बोलतेय. तुमची शुगर दोनशे नव्वद दिसतेय. काही गोड खाण्यात आलं का?"

"तू कोन गं?"

"तुमच्या मुलाने आमची सेवा घेतलीये, काका. आता तुमचे सगळे अलार्म आमच्याकडे येतील. चोवीस तास कुणीतरी असेल. त्यांना आता त्रास द्यावा लागणार नाही."

"कुनाला तरास?" अंजना पुढे वाकून म्हणाली.

पोरगी गोड होती, तिचा काय दोष? तिनं भरपूर पाणी प्यायला सांगितलं, थोडं चालायला सांगितलं, काळजी घ्या म्हणाली. संध्याकाळी तानाजीचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. "आई, त्या पोरी शिकलेल्या हायत, त्यांचं ऐका. मला दुकानात गिऱ्हाईक असतंय, दर बारीला फोन करनं जमत न्हाई. आन ह्या यात्रंला याचं जमत न्हाई बघ. तिरुपूरच्या दुकानाचा मुहूर्त त्याच दिशी हाय. नैवेद्य तेवढा दावा."

अंजनाने ते तीन वेळा ऐकलं. मग फोन चार्जिंगला लावला आणि तांदूळ निवडायला बसली.

दोन-चार दिवसांत गल्ली गाड्यांनी भरली. शालूबाईचे दोन्ही पोरगे गुवाहाटीहून आले, बायका-पोरांसकट. शालूबाईने भिंतीवरून विचारलं, "अंजना, तानाजी कवा येतुया गं?"

"येतुया की," अंजना म्हणाली. "तीन दुकानं हायत, आवरायला वेळ लागतुया."

इतकं सरळ खोटं मी तिच्या तोंडून पंचेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्याच दिवशी चार वाजता मी ओसरीवर बसलो होतो आणि स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. तिनं चमचा घेतला नाही. बाटली कपावर उलटी केली. मी बघतोय हे तिला दिसलं. कप माझ्यापुढे ठेवला आणि तशीच उभी राहिली, डोळ्यांत पाणी. मला तिची कीव आली, स्वतःची लाज वाटली, आणि तानाजीचा इतका संताप आला, की मी ते पाक म्हणावं असलं पाणी एका दमात घशाखाली घातलं. दुसरं मी तिच्यासाठी काय करणार होतो?

तीनशे ऐंशी. मोबाईल बोंबलत सुटला. अंजना हात धुऊन फोनपाशी येऊन बसली, केससुद्धा सारखे केले.

शिवांजलीच होती. "काका, तीनशे ऐंशी! काय खाल्लंत?"

"बाळ," अंजना म्हणाली, "माझ्या पोराला लाव की फोन. त्याला सांग, लय चढलीया."

"आजी, मी सांगते तसं करा, उतरेल. आणि सर म्हणालेत, की ॲडमिट करण्यासारखं काही असेल तरच त्यांना कळवायचं."

तरच. माझ्या डोक्यात तो शब्द ठिणगीसारखा पडला. मी सदऱ्याची बाही वर केली आणि दंडावरची चकती उपटून अंगणात फेकली. केस निघाले, थोडं रक्त आलं. अंजना म्हणाली, "आवं, काय करतासा!" अंगाची लाही होत होती, घसा कोरडा पडला होता, साखरेनेही असेल. मोबाईलवरची रेघ तुटली.

पंचवीस मिनिटांनी शिवांजलीचा फोन. "हॅलो, तुमचा सेन्सर बंद दाखवतोय. काका ठीक आहेत का? कोण बोलताय आपण?"

तिनं कोण म्हणून विचारलंच नसतं, तर मला सुचलं नसतं. माझा आवाज बसला होता, तिला ओळखू आला नाही.

"मी त्यांचा चुलतभाऊ," मी म्हणालो. "ज्ञानू मेला."

मी फोन तोंडाशी आणखी जवळ धरला.

"कळवा त्याच्या पोराला. आता तरी कळवन्यासारखं हाय न्हवं?" असं म्हणून मी फोन ठेवला.

अंजनाने कपाळावर हात मारून घेतला. "जिभंला काय हाड? शनवारचं असलं बोलत्यात?" मी हसायचा प्रयत्न केला. वाटलं, पोरगा फोन करील, मी उचलीन, चार कडक शिव्या घालीन आणि म्हणीन, मेलो नाही अजून, पण तुझ्या लेखी काय फरक आहे ते सांग. एवढंच माझ्या मनात होतं. देवाशपथ एवढंच.

तीन मिनिटांत अंजनाचा फोन वाजला. तिनं घाबरत बटण दाबलं, स्पीकर लावला.

तानाजी रडत होता. चाळिशीचा माणूस, तीन दुकानांचा मालक, लहानपणी ठेच लागल्यावर रडायचा तसा ओरडून रडत होता. "आई... माझे तात्या... आई गं..." मागे सून राणीचा आवाज येत होता, साईराज काहीतरी विचारत होता. मी खांबाला टेकलो. मी मेल्यावर माझा पोरगा असा रडणार, हे मला जितेपणी ऐकायला मिळालं आणि माझ्या शिव्या जागच्या जागी विरल्या.

"मी निघालो, आई," तो म्हणाला. "मिळंल त्या इमानानं पुन्याला उतरतो, सकाळी गावात पोचतो. समदी येतुया. मी आल्याबिगर माती करू नगासा."

आमच्याकडे ती रीतच आहे. पोरगा कोचीला असो नाहीतर गुवाहाटीला, तो आल्याशिवाय माती होत नाही. दीड-दीड दिवस मढं बर्फावर ठेवतात, पण थांबतात. आणि पोरगाही थांबत नाही. गिऱ्हाईक, मुहूर्त, काय वाटेल ते असो, दुकानाचं शटर ओढतो आणि निघतो.

"मुहूर्ताचं काय?" अंजनाने विचारलं. आवाज तिचा नव्हताच.

"खड्ड्यात गेला मुहूर्त, आई!"

मी पुढे झालो. झालं तेवढं पुरे झालं होतं. फोन घेऊन, अरे गड्या, मी आहे, असं म्हणायला मी हात पुढे केला. अंजनाने फोन छातीशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने माझं तोंड दाबलं. त्या हाताला काकवीचा वास होता. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"गप बसा," ती कानात म्हणाली. "येऊ द्या त्याला."

मग फोन तोंडाशी नेला आणि माझ्याकडे बघत, हुंदका देत ती पोराला म्हणाली, "ये बाबा. तुझीच वाट बघतुया."